निर्मळ हातांचा शस्त्रवैद्य : लॉर्ड लिस्टर यांचे चरित्र



मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो ती बरे होण्याच्या आशेने. जो रोग त्याने घरून आणला नाही तो दवाखान्यातच त्यास जडावा, आणि ज्या हातांकडे तो आशेने पाहतो त्याच हातांवाटे तो त्याच्या अंगात शिरावा, यासारखी दुःखाची गोष्ट दुसरी कोणती? तथापि सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी युरोपातील नामांकित इस्पितळांत हे प्रत्यही घडत होते, आणि ज्यांच्या हातून ते घडे त्यांस त्याची कल्पनाही नव्हती. ते विद्वान होते. त्यांच्यातील पुष्कळ जण दयाळूही होते. त्यांच्याच पंक्तीतील एका शस्त्रवैद्याने हा प्रकार ओळखला, स्वतःच्या हातांविषयी संशय धरिला, आणि त्या संशयापासून असंख्य लोकांचे प्राण वाचले. त्या सत्पुरुषाचे चरित्र मंडळीतील सर्व लहानथोरांनी जाणावे, म्हणून ते येथे थोडक्यात दिले आहे.

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडात, लंडन शहराच्या पूर्वेस अप्टन या गावी झाला. त्यांचे वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर हे द्राक्षारसाचा व्यापार करीत. घराणे क्वेकर पंथाचे होते. या पंथाचे लोक साधा पोशाख करीत, भपका टाळीत, युद्धास पाप मानीत, आणि उपासनेच्या वेळी बहुधा मौन धरून देवाची वाट पाहत बसत. वडिलांस भिंगांचा मोठा नाद असे. त्या काळच्या सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिले असता वस्तूच्या कडेस रंगीत झालर दिसे आणि आकृती पुसट होई. हा दोष घालविण्याची रीत त्यांनी शोधून काढली, आणि तिच्यामुळे १८३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. अशा घरात वाढलेल्या मुलास एक गोष्ट बाळपणीच कळून चुकली. ती ही की, डोळ्यांस जे दिसत नाही ते नाहीच असे म्हणता येत नाही.

त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्यापीठांची दारे क्वेकरांसारख्या लोकांस मोकळी नव्हती, कारण ते इंग्लंडच्या राजमान्य मंडळीचे सभासद नव्हते. या कारणास्तव लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले; तेथे कोणाचा धर्म विचारीत नसत. १८४७ साली ते पदवीधर झाले. पुढे देवीची बाधा व त्यापाठोपाठ मनाचा मोठा थकवा यांमुळे त्यांस काही काळ अभ्यास सोडून प्रवास करावा लागला. परत आल्यावर त्यांनी वैद्यकाचा अभ्यास नेटाने पुरा केला व १८५२ साली वैद्यकीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले.

त्यांच्या विद्यार्थिदशेतच शस्त्रवैद्यकात एक मोठी घडामोड झाली. २१ डिसेंबर १८४६ रोजी त्यांच्याच कॉलेजच्या इस्पितळात रॉबर्ट लिस्टन या शस्त्रवैद्याने ईथर हुंगवून, रोग्यास बेशुद्ध करून त्याचा पाय कापिला. पुढील वर्षी एडिंबरो येथे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. रोग्याचा आक्रोश थांबला. शस्त्रवैद्यास आता घाई करण्याचे कारण उरले नाही. पूर्वी ज्या शस्त्रक्रिया करण्यास कोणी धजत नसे त्या होऊ लागल्या. परंतु रोग्यांचे मरण काही कमी झाले नाही. शस्त्रक्रिया उत्तम होई, रोगी शुद्धीवर येई, दोन दिवस हसतबोलत असे. तिसऱ्या चौथ्या दिवशी जखमेभोवती लाली येई, हुडहुडी भरे, दुर्गंधी सुटे, आणि आठवड्याच्या आत त्याची प्रेतयात्रा निघे. कोणास धावरे होई, कोणाचे मांस सडे, कोणाच्या रक्तात विष भिने, कोणास धनुर्वात होई.

त्या वेळचे शस्त्रवैद्य कसे वागत ते ऐकिले म्हणजे आज अंगावर काटा येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा एक जुना कोट खुंटीवर टांगलेला असे. वर्षानुवर्षांच्या रक्ताने व पुवाने तो ताठ झालेला असावयाचा, आणि तो जितका माखलेला तितका त्या वैद्याचा अनुभव मोठा अशी समजूत होती. प्रेत चिरून पाहिलेले हात नुसते पुसून तोच मनुष्य जिवंताच्या जखमेत बोटे घाली. एकाच तस्तातील पाण्याने व एकाच स्पंजाने ओळीने दहा रोग्यांच्या जखमा पुसल्या जात. हात धुतले तर ते काम झाल्यावर, स्वतःच्या अंगास लागलेली घाण काढण्याकरिता. जखमेत पू धरणे हे तर बरे होण्याचे शुभ चिन्ह मानीत. रोगी मेला म्हणजे इस्पितळातील दूषित हवेस बोल लावीत.

१८५३ साली लिस्टर स्कॉटलंडात एडिंबरो येथे प्रसिद्ध शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्याकडे अल्पकाळ शिकावे या हेतूने गेले, ते तेथे सात वर्षे राहिले. साइम यांची कन्या अ‍ॅग्नेस हिच्याशी १८५६ साली त्यांचा विवाह झाला. पंथाबाहेर लग्न केल्यामुळे त्यांस क्वेकर मंडळी सोडावी लागली. तेव्हा ते स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीत सामील झाले. त्यांस मूलबाळ झाले नाही. परंतु अ‍ॅग्नेसबाई पतीच्या कामात जन्मभर जोडीदारीण होऊन राहिल्या. पतीने सांगावे व त्यांनी तासन् तास लिहून घ्यावे, प्रयोगांची टिपणे ठेवावी, असा त्यांचा क्रम असे. लिस्टर यांच्या प्रयोगांच्या वह्यांत त्यांच्या हातचे अक्षर पुष्कळ आहे.

१८६० साली लिस्टर ग्लासगो येथे शस्त्रवैद्यकाचे अध्यापक झाले आणि पुढील वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरी नामक मोठ्या इस्पितळात शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले. ग्लासगो हे गिरण्या, कारखाने व गोद्या यांचे शहर. यंत्रात हात सापडलेले, गाडीखाली पाय चिरडलेले मजूर तेथे रोज येत. लिस्टर यांच्याकडे आलेली इमारत नवी होती, तरी तिच्या खोल्यांत मरण इतके होई की ते व्याकूळ झाले. पुढे शोध करिता असे आढळले की खालच्या मजल्याच्या भिंतीलगत, जमिनीखाली हातभरही नाही अशा ठिकाणी, १८४९ सालच्या पटकीत मेलेल्या लोकांच्या शवपेट्या थरावर थर पुरलेल्या होत्या. सहजच सर्वांनी दोष त्या जागेस दिला.

परंतु लिस्टर यांच्या मनास एक कोडे सोडीना. हाड मोडण्याचे दोन प्रकार आहेत. एकात हाड आतल्या आत मोडते आणि वरची कातडी शाबूत राहते. दुसऱ्यात हाड कातडी फोडून बाहेर येते. पहिल्या प्रकारचा रोगी त्याच खोलीत, तीच हवा घेत, शेजारच्याच खाटेवर पडून बरा होई; दुसऱ्याचा पाय कापावा लागे, आणि कापूनही तो पुष्कळदा मरे. हवा जर मारीत असेल तर ती दोघांसही का मारीत नाही? दोघांत भेद एवढाच की एकाची कातडी फाटली होती. तेव्हा त्या फाटलेल्या वाटेने आत काही तरी शिरत असले पाहिजे.

या कोड्याची किल्ली १८६५ साली त्यांच्या हाती आली. त्यांचे सहकारी, रसायनशास्त्राचे अध्यापक टॉमस अँडरसन यांनी लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखांकडे त्यांचे लक्ष वेधिले. पाश्चर यांनी दाखवून दिले होते की दूध, द्राक्षारस किंवा मांसाचा रस्सा ही आपोआप नासत नाहीत. डोळ्यांस न दिसणारे सजीव जंतू बाहेरून त्यांत पडतात व वाढतात म्हणून ती नासतात. रस्सा उकळून जंतूंची वाट बंद केली तर तो कित्येक महिने चांगला राहतो. हे वाचून लिस्टर यांच्या मनात प्रकाश पडला. रस्सा जसा नासतो तशीच जखम नासते. जंतू उष्णतेने मरतात, गाळून अडविता येतात, किंवा औषधाने मारिता येतात. मनुष्याचे मांस उकळता येत नाही, गाळताही येत नाही. राहिला तो उपाय औषधाचा. याच सुमारास त्यांनी ऐकिले होते की कार्लाइल नावाच्या गावी सांडपाण्यात कार्बोलिक अ‍ॅसिड मिसळू लागल्यापासून त्याची दुर्गंधी गेली, आणि ते पाणी ज्या कुरणांत सोडीत तेथे चरणाऱ्या गुरांचा रोगही थांबला. त्यांनी हे औषध मागवून घेतले.

मार्च १८६५ मध्ये केलेला पहिला प्रयोग फसला व रोगी दगावला. उपाय निरुपयोगी आहे असे न म्हणता लिस्टर यांनी तो लावण्याच्या आपल्या रीतीत उणेपणा होता असा निर्णय केला, आणि ते पुढील रोग्याची वाट पाहत राहिले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलास इस्पितळात आणिले. रस्त्यात गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. हाड मोडून कातडी फाटली होती. दुसऱ्या कोणाच्या हाती तो पडता तर त्याचा पाय बहुधा जाता. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजविलेल्या कापडाने जखम झाकली, पायास फळ्या बांधल्या, आणि चार दिवस जखम उघडली नाही. चौथ्या दिवशी पट्टी सोडताना त्यांचे काळीज कसे धडधडले असेल! पू नव्हता, दुर्गंधी नव्हती. पुढे तेल मिसळून सौम्य केलेल्या औषधाच्या पट्ट्या त्यांनी चालू ठेविल्या. सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले, आणि तो गरीब मुलगा आपल्या दोन्ही पायांनी चालत घरी गेला. चांगल्या शोमरोन्याने वाटेवर पडलेल्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधिल्या, तोच हा दयेचा धर्म होता. त्यास आता ज्ञानाची जोड मिळाली.

येथे दुसऱ्या एका वैद्याचे नाव घेणे अवश्य आहे. त्याच ऑगस्ट महिन्याच्या १३ तारखेस, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर व्हिएन्नाजवळ वेड्यांच्या इस्पितळात मरण पावले. त्यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात असे ओळखिले होते की प्रेते चिरून येणारे विद्यार्थी बाळंतिणींस तपासतात, म्हणून त्या ज्वराने मरतात. त्यांनी सर्वांस चुनखडीच्या तीव्र औषधी पाण्यात हात धुवावयास लाविले. १८४६ साली त्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी मेल्या होत्या; १८४८ साली ते प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास उतरले. इतके होऊनही पुष्कळ मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकिले नाही. सभ्य गृहस्थाच्या हातात मृत्यू असतो हे ऐकून घेणे त्यांस जड गेले. लिस्टर यांस त्या वेळी सेमेलवाइस यांच्या कामाची माहिती नव्हती. दोघे निरनिराळ्या वाटांनी एकाच सत्याशी येऊन पोहोचले होते.

लिस्टर यांनी उतावीळपणा केला नाही. दोन वर्षांत अशाच ११ रोग्यांवर त्यांनी उपचार केले. त्यांतील ९ जण अवयवासह बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला, व एक मरण पावला. १८६७ साली त्यांनी हा सर्व वृत्तांत लॅन्सेट नामक वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी जाहीर केले की गेल्या नऊ महिन्यांत त्यांच्या खोल्यांत रक्त नासण्याचा, धावऱ्याचा किंवा मांस सडण्याचा एकही प्रकार घडला नाही. इमारत तीच होती, भिंतीलगतच्या शवपेट्याही तेथेच होत्या. बदलले होते ते केवळ शस्त्रवैद्याचे हात, हत्यारे आणि पट्ट्या. हा उपाय सुरू करण्यापूर्वी त्यांनी ज्या ३५ रोग्यांचे अवयव कापिले होते त्यांपैकी १६ मेले. नंतर १८६७ ते १८६९ या काळात तशा ४० रोग्यांपैकी ६ मेले.

त्यांच्या विश्वासाची खरी कसोटी त्यांच्या घरातच लागली. त्यांची बहीण इझाबेला हिच्या स्तनास कर्करोग झाला. एवढी मोठी शस्त्रक्रिया म्हणजे जखम नासून मरण, असे समजून इतर शस्त्रवैद्य ती करण्यास कचरत होते. ती भावाकडे आली. जून १८६७ मध्ये लिस्टर यांनी ग्लासगो येथील आपल्या राहत्या घरी, जेवणाच्या मेजावर तिला निजवून, स्वतःच्या हाताने ती शस्त्रक्रिया केली. परक्याच्या देहावर जी काळजी ते घेत तीच त्यांनी बहिणीच्या देहावर घेतली. तिच्यासाठी वेगळी काही नव्हती, कारण परक्यासाठी त्यांनी कमी काही राखून ठेविलेच नव्हते. जखम स्वच्छ भरून आली, आणि आणखी सुमारे तीन वर्षे ती बहीण जगली.

अशा स्पष्ट पुराव्यानंतर सर्वांनी त्यांचे म्हणणे मान्य केले असेल असे वाटेल, परंतु तसे झाले नाही. क्लोरोफॉर्मचे कर्ते डॉ. सिम्प्सन यांच्यासारख्या थोर माणसानेही त्यांच्यावर टीका केली. सिम्प्सन यांनी १८६९ साली मोठ्या परिश्रमाने आकडे गोळा केले होते. खेड्यापाड्यांतील घरी ज्यांचे अवयव कापिले अशा २०९८ रोग्यांपैकी २२६ मेले, आणि मोठ्या इस्पितळांत कापिलेल्या २०८९ पैकी ८५५ मेले. म्हणजे खेड्यातील झोपडी ही शहरातील इस्पितळापेक्षा अधिक सुरक्षित होती! यावरून त्यांनी अनुमान काढिले की मोठी इस्पितळे मोडून लहान लहान बांधावी. आकडे खरे होते. पण दोष भिंतींत नव्हता. झोपडीत एक वैद्य एकाच रोग्यास हात लावी; इस्पितळात तेच हात एका जखमेतून दुसऱ्या जखमेत जात. कित्येक शस्त्रवैद्य तर जंतू म्हणजे निव्वळ कल्पना असे म्हणून हसत. अरामाचा सेनापती नामान यास नदीत बुडी मारण्याचा सोपा उपाय अपमानाचा वाटला होता, तशीच या विद्वानांची गत झाली. काही मोठे व कठीण सांगितले असते तर त्यांनी ते केले असते. हात धुवा म्हटल्यावर त्यांचा अभिमान दुखावला.

लिस्टर यांनी कोणाशी भांडण केले नाही. १८६९ साली ते सासऱ्यांच्या जागी एडिंबरो येथे आले. १८७१ साली बालमोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू त्यांनी कापिले आणि त्याच कार्बोलिकचा उपयोग केला. ग्लासगोच्या रस्त्यावरील मुलास एक रीत व राणीस दुसरी, असे त्यांच्याकडे नव्हते. एकदा एक लहान मुलगी आपली पाय तुटलेली बाहुली त्यांजकडे घेऊन आली, तेव्हा त्यांनी तो पाय गंभीरपणे शिवून दिला, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगतात. जर्मनी व डेन्मार्क या देशांतील शस्त्रवैद्यांनी त्यांची रीत प्रथम स्वीकारिली. म्यूनिक शहराच्या इस्पितळात जखमी रोग्यांपैकी बहुतेकांचे मांस सडत असे. १८७५ साली तेथे ही रीत सुरू होताच तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. लंडन शहर मात्र शेवटपर्यंत अडून बसले होते. म्हणून १८७७ साली, वयाच्या पन्नाशीत, एडिंबरोचा मान व शेकडो विद्यार्थी सोडून लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. तेथे प्रारंभी त्यांच्या व्याख्यानास मोजकेच विद्यार्थी येत. त्यांनी शस्त्रक्रिया करून दाखविल्या, रोगी बरे करून दाखविले, आणि हळूहळू राजधानीही वळली.

त्यांच्या थोरपणाचे आणखी एक लक्षण सांगितले पाहिजे. हवेतील जंतू जखमेत पडतात असे वाटून त्यांनी १८७१ च्या सुमारास शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बोलिकचा फवारा उडविण्याची पद्धत काढिली होती. त्या फवाऱ्याने डॉक्टर व परिचारिका यांच्या डोळ्यांची व हातांची आग होई. पुढे अधिक शोधांती कळले की हवेपासून भय थोडे. खरे भय हात, हत्यारे, कापड व रोग्याची कातडी यांपासून आहे. तेव्हा १८९० साली बर्लिन येथे जगातील डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी आपली ती समजूत चुकीची होती असे उघड सांगितले व फवारा टाकून दिला. ज्याने दुसऱ्यांस त्यांच्या हातांचा दोष दाखविला त्याने स्वतःच्या बुद्धीचा दोष झाकून ठेविला नाही. त्यांच्या तत्त्वावरूनच पुढे हत्यारे व कापड वाफेने निर्जंतुक करणे, रबरी हातमोजे घालणे इत्यादी चांगल्या रीती निघाल्या, आणि कार्बोलिकची गरजही कमी झाली. औषध बदलले, तत्त्व राहिले.

२७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा समारंभ पॅरिस येथे झाला. त्या वेळी लिस्टर यांनी भर सभेत त्यांचे उपकार मानिले, आणि दोघांनी एकमेकांस आलिंगन दिले. पुढल्याच वर्षी, १८९३ मध्ये, इटलीत प्रवासात असता अ‍ॅग्नेसबाई मरण पावल्या. त्या दुःखातून लिस्टर पुरते सावरले नाहीत. सरकारने त्यांस १८९७ साली लॉर्ड ही पदवी दिली. आपल्या श्रद्धेविषयी त्यांनी लिहून ठेविले आहे, त्याचा आशय असा की, येशू ख्रिस्ताचा धर्म आणि शास्त्राने सिद्ध झालेले सत्य यांमध्ये त्यांस कोठेही विरोध दिसला नाही. १० फेब्रुवारी १९१२ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील वॉल्मर येथे वयाच्या ८४ व्या वर्षी ते प्रभूमध्ये निजले. त्यांची अंत्य उपासना वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या मोठ्या मंदिरात झाली, परंतु देह त्यांच्या पत्नीच्या कबरेशेजारीच ठेविला गेला.

त्यांच्या कामाचे फळ आपल्या देशासही मिळाले आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरज येथे मिशन इस्पितळ उभारिले. पुढे दूरदूरच्या गावांहून लोक डोळ्यांच्या व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मिरजेस येऊ लागले. लिस्टर यांच्या शोधाआधी पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूस बोलावणे होते. त्यांच्या मागून आलेल्या डॉक्टरांच्या हातून रोगी चालत घरी परतू लागले, यात ग्लासगोच्या त्या शस्त्रवैद्याचाही वाटा आहे.

आता आपल्यातील कोणी विचारील की, हात धुणे एवढे महत्त्वाचे कसे? प्रभूने तर हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या परूश्यांस दोष दिला. आणि सोवळेओवळे म्हणजे काय ते आम्ही पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. आमच्या वाडवडिलांस पाणवठ्यावर जाऊ दिले नाही. अनेक ठिकाणी वैद्य त्यांच्या नाडीस हात लावीत नसे. ही शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट ऐका. सोवळ्यातील मनुष्य दुसऱ्याच्या स्पर्शाने आपण विटाळू म्हणून भितो. तो स्नान करितो ते स्वतःकरिता, आणि नंतर शेजाऱ्यापासून दूर उभा राहतो. लिस्टर भ्याले ते आपल्या स्पर्शाने रोग्यास अपाय होईल म्हणून. त्यांनी हात धुतले ते त्या मजुराच्या जखमेस हात लावता यावा म्हणून, त्याच्याजवळ जाता यावे म्हणून. सोवळ्याने माणसे तुटली, या स्वच्छतेने ती वाचली. प्रभूने ज्या रात्री घंगाळ व रुमाल घेऊन शिष्यांचे पाय धुतले त्या रात्रीच्या सेवेशी या स्वच्छतेचे नाते आहे.

आणि हे काम अजून संपलेले नाही. गुजरातेत मोडासा गावी २००९ साली काविळीची एक जीवघेणी साथ पसरली. वापरलेल्या सुया व सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे तो विषार एका रोग्याच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात गेला होता, आणि अनेकांचे प्राण गेले. ज्यांनी ते केले त्यांसही कदाचित आपल्या हातात मृत्यू आहे असे वाटले नसेल. यास्तव दवाखान्यात गेल्यावर काही गोष्टी पाहून घ्या. डॉक्टर, नर्स किंवा कंपाउंडर यांनी तुमच्या जखमेस अथवा बाळंतिणीस हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुतले आहेत काय? सुई व सिरिंज तुमच्यासमोर नव्या पुडीतून काढिली काय? टोचल्यावर ती मोडून किंवा डब्यात टाकून दिली काय? गोळीने काम होत असता सुईचाच हट्ट आपण स्वतः तर धरीत नाही ना? सुई टोचल्यावाचून पैसे वसूल होत नाहीत ही समजूत आपल्या गावांत फार आहे, आणि ती घातक आहे. घरी जखम झाल्यास तिच्यावर शेण, राख किंवा माती लावू नका, बाळाच्या नाळेस तर मुळीच नको. त्यातून धनुर्वात होतो. स्वच्छ पाण्याने व साबणाने ती धुवा, स्वच्छ कापडाने झाका, आणि दवाखाना गाठा.

डॉक्टरसाहेबांस असे विचारणे हा उद्धटपणा होईल, अशी भीती आपल्या लोकांस वाटते. ज्यास आयुष्यभर मान खाली घालून उभे राहावयास शिकविले त्यास प्रश्न विचारणे कठीण जाते, हे खरे. परंतु नम्रपणे विचारिलेल्या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरास राग येत नाही. उपदेशक बंधूंनी व बायबलबाईंनी अशा प्रसंगी गरीब रोग्याबरोबर जावे आणि त्याच्या वतीने हा प्रश्न विचारावा. हीही सुवार्तेची सेवाच आहे. आणि आपल्या मंडळीतील ज्या मुली नर्स झाल्या आहेत, जे तरुण दवाखान्यात नोकरीस आहेत, त्यांनी ध्यानात धरावे की दिवसाचा शंभरावा रोगी आला, पाठ दुखू लागली, कोणी पाहत नाही, अशा वेळी पुन्हा एकदा नळापाशी जाऊन हात धुणे हे रोग्यावरील प्रीतीचे काम आहे. ते कोणास दिसत नाही. जंतूही दिसत नाहीत. दोन्ही पाहणारा देव आहे. तो आपल्या दवाखान्यांतील सर्व हात निर्मळ राखो, आणि त्या हातांखाली निजणाऱ्या प्रत्येक रोग्यास सुखरूप घरी आणो.